तापीपलीकडचे सरडे

देवरे नानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पालथे पडलेले. एरंडोलच्या हायस्कुलात विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी नुकतीच लागले होते, शाळा सुरू व्हायला एक दिवस बाकी होता. घरमालकीणबाईंबरोबर पद्मालयाला दर्शनाला गेले होते. त्या देवळात टेकल्या आणि मी मागच्या खडकाळ उतारावर फिरायला निघाले, तर एका मोठ्या तापलेल्या शिळेवर पांढऱ्या पायजम्यातला एक माणूस पोटावर पडलेला. टोपी बाजूला, हालचाल काही नाही. ऊन लागलं असणार म्हणून मी पाण्याची बाटली घेऊन धावले.

"बाई," डोकं न उचलता तो माणूस हळूच म्हणाला, "तुमची सावली जरा बाजूला घ्या. त्याच्या अंगावर पडतेय."

समोर चार हातांवर एक सरडा बसला होता. डोकं आणि छाती लालभडक, मागचं अंग काळं. पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वर-खाली होत होता. मी सावली बाजूला घेईपर्यंत तो फटीत गेला. माणूस उठून बसला, सदरा झटकला, खिशातून वही काढून घड्याळ बघून लिहिलं: 'गेला.' मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमची चूक नाही. मीच उशीर केला."

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तेच गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले दिसले. आठवी-नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवायचे. गाव त्यांना नाना म्हणायचं. मुलं पाठीमागे सरडेनाना म्हणायची. नानांना ते ठाऊक होतं. "त्यात खोटं काय आहे?" असं ते म्हणत.

तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. बुटके, कानांवर पांढरे केस, हातांवर उन्हाचे डाग. घरी आणि टेकडीवर अहिराणी बोलायचे, वर्गात आणि आमच्याशी पुस्तकी मराठी. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण मला त्यांनी कधी 'अगं' म्हटलं नाही, शेवटपर्यंत 'बाई, तुम्ही'. सरड्याला मात्र ते 'भो', म्हणजे भाऊ, म्हणत. "हालू नको ना भो, सुई टोचाव नही तुले," असं हातातल्या सरड्याशी बोलत बोलत मोजणी चालायची.

मोजणी म्हणजे खवल्यांची. वेळूच्या काठीच्या टोकाला मासे धरायच्या दोऱ्याचा बारीक फास. खडकावरचा सरडा माणसाला बिचकतो, काठीला नाही. फास हळूच मानेत सरकवायचा, सरडा उचलून कापडी थैलीत घालायचा. मग सावलीत बसून, भिंग डोळ्याला लावून, सुईच्या टोकानं कमरेभोवतीचा एकेक खवला मोजायचा. एक फेरा पुरा झाला की दुसऱ्यांदा, पहिल्याशी जमला नाही तर तिसऱ्यांदा. नंतर तो सरडा ज्या दगडावरून उचलला त्याच दगडावर सोडायचा. त्यासाठी प्रत्येक दगडावर खडूनं नंबर टाकलेला असे. एकदा मी म्हटलं, "इथंच सोडून द्या ना, जाईल तो." नाना म्हणाले, "त्याचं घर आहे तिथं. आपण मोजायला आणलं, पोचवायलाही आपणच नको का?" आणि त्या उन्हात ते सगळा उतार पुन्हा चढले.

त्यांचा एकच नियम होता, तो ते अहिराणीतच सांगत: "जे देखं नही, ते लिखानं नही." पाहिलं नाही ते लिहायचं नाही. हा नियम सरड्यांपुरता नव्हता. तपासणीच्या आधी आम्ही सगळे पाठाच्या टाचणाच्या वह्या भरायला बसायचो. न घेतलेले पाठ घेतल्यासारखे लिहायचे, तारखा टाकायच्या. साहेबांनाही ते माहीत असायचं. नानांच्या वहीत कोरी पानं असत. एका वर्षी साहेबांनी विचारलं, "देवरे, हा आठवडा रिकामा का?"

"त्या आठवड्यात कापसाची वेचणी होती. मुलं आली नाहीत, साहेब. पाठ झाला नाही."

"मग मागून भरून टाकायचं."

"झालाच नाही तर काय भरू?"

साहेबांनी शेरा मारला. मुख्याध्यापक दिवसभर रागावलेले होते. नाना नेहमीसारखे डबा खाऊन वर्गावर गेले.

माणसांवर ते चिडलेले मी पाहिले नाहीत. पद्मालयाच्या उतारावर मेंढ्या चारणारा एक म्हातारा त्यांना ठासून सांगायचा की लाल सरडा निराळा आणि भुरा निराळा, दोन्ही वेगळी जनावरं. नानांनी वाद घातला नाही. एक लालभडक नर फासात धरला आणि म्हणाले, "बठ आठे. देख." थैलीत घातलेल्या सरड्याचा रंग हळूहळू उतरू लागला. लाल गेलं, काळं गेलं, धुळीसारखा भुरा होऊन बसला.

म्हातारा तोंड उघडं टाकून बघत राहिला. "हाऊ लाजना का नाना?"

"लाजना नही रे भो. घाबरना."

मग त्याला दगडावर सोडून तो परत रंगात येईपर्यंत दोघंही बाजूला बिड्या ओढत बसले. अर्धी सकाळ गेली. मी विचारलं, "एवढा वेळ का घालवला?" म्हणाले, "आता तो दुसऱ्याला सांगेल. त्यानं पाहिलंय."

या सगळ्या मोजणीमागे एक शंका होती. अमळनेरच्या कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेल्या एका जुन्या इंग्रजी ग्रंथातली पानं त्यांनी हातानं उतरवून घेतली होती. खडकावर राहणारा सरडा सहसा खडक सोडत नाही. मध्ये मोठी नदी आली तर अलीकडचे आणि पलीकडचे हजारो वर्षं एकमेकांना भेटत नाहीत. मग जात एकच राहूनही दोन्हीकडचे थोडे वेगळे होत जातात, त्यांना उपजात म्हणतात. नानांनी पद्मालयाचे मोजले होते, धुळ्याजवळ लळिंगच्या उतारावरचे मोजले होते. दोन्ही तापीच्या दक्षिणेचे, आणि दोन्हींचे आकडे जुळत होते. एकदा शिरपूरकडे लग्नाला गेले असताना सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांनी तीन सरडे मोजले. तिघांचेही खवले जास्त भरले. "पण तिनावरून काही म्हणता येत नाही, बाई. चाळीस तरी पाहिजेत."

ते स्वतः जाऊ शकत नव्हते. त्यांच्या पत्नीला, अक्कांना, संधिवात होता. उठवण्या-बसवण्यापासून सगळं नाना करत. एक दिवसाच्या वर त्यांना घर सोडता येत नसे.

माझं माहेर शिरपूर. मीच म्हटलं, "नाना, मे महिन्यात मी जाणारच आहे. मी मोजून आणते."

खोलीतले दोघे-तिघे हसले. एक सर म्हणाले, "बाई माणूस काठी घेऊन डोंगरात फिरणार?" मला राग आला. नाना हसले नाहीत. त्या रविवारी पद्मालयाला नेऊन त्यांनी मला फास टाकायला शिकवलं. माझे चार सरडे निसटले, पाचवा मिळाला. मी मोजलेला त्यांनी पुन्हा मोजला. आकडा जुळला. "जमलं," म्हणाले. अक्कांनी अंथरुणात बसून, दुखऱ्या बोटांनी जुन्या लुगड्याच्या आठ थैल्या मला शिवून दिल्या.

पुढचं सांगताना मला अजूनही कारणं पुढे करावीशी वाटतात, म्हणून ती आधीच बाजूला ठेवते. आई म्हणत होती की उन्हात काळी होशील, रविवारी पाहुणे बघायला येणारेत. हे खरं आहे. पण तिनं मला अडवलं नव्हतं. दोन सकाळी मी गेले, ओळखीच्या एका बाईंना सोबत घेऊन. पायथ्याच्या टेकडीवर सात सरडे धरले, नीट मोजले, दगडांवर नंबर टाकले, परत सोडले. तिसऱ्या सकाळी मला झोप आवरेना. चौथ्या दिवशी पाहुणे. मग एक जोराचं वादळ झालं, आमच्या ओसरीचे पत्रे उडाले, भोवतालच्या केळी आडव्या झाल्या. मग मामेबहिणीचं लग्न. सुटी संपली.

परतीच्या एस.टी.त मांडीवर नानांनी दिलेली वही उघडली तेव्हा सातच ओळी होत्या. सात घेऊन गेले असते तरी नाना म्हणाले असते, 'बरं झालं, सात तर मिळाले.' हे मला तेव्हाही माहीत होतं. पण हसणाऱ्या सरांचं तोंड डोळ्यांसमोर आलं. मी लिहायला लागले. नर, मादी, नर, मादी. ओळीनं तारखा टाकल्या. आकडे टाकताना क्षणभर थांबले. माझ्या खऱ्या सात सरड्यांचे आकडे पद्मालयाच्या सरड्यांसारखेच होते. फरक नव्हता. पण नानांना फरक हवाय, असं मी धरून चालले होते. म्हणून उरलेल्या तेहतीस सरड्यांचे खवले मी वाढवले. त्यांच्या त्या तिघांना शोभतील इतके.

त्या वहीवरून नानांनी तक्ता केला. शिपायाला बोलावून दाखवलं, मुख्याध्यापकांना दाखवलं. मला म्हणाले, "बाई, माझं अकरा वर्षांचं काम तुम्ही पुरं केलंत." मी हसले. काय हसले असेन ते मला आठवत नाही, पण हसले हे नक्की.

दिवाळीनंतर धुळ्याला एका कॉलेजात विज्ञान शिक्षकांचं संमेलन होतं. नानांनी आपला लेख वाचला. नवा सदरा घातला होता, मधूनमधून घाम पुसत होते. मी तिसऱ्या रांगेत होते. लेख संपल्यावर टाळ्या झाल्या. मग बाहेरगावाहून आलेले एक प्राध्यापक उठले. बोलणं शांत होतं.

"देवरे सर, दक्षिणेकडच्या तुमच्या नोंदी फार चांगल्या आहेत. उत्तरेकडच्या नोंदींत मला एक अडचण दिसते. तुम्ही ज्या तारखेला त्या टेकडीवर अकरा सरडे मोजलेत, त्या दिवशी मी आग्रा रोडवर त्याच भागात होतो. वादळानं कडुनिंब आडवा पडला आणि दुपारपर्यंत आम्ही एस.टी.त अडकलो. सकाळपासून आभाळ भरून होतं. त्या दिवशी खडकावर अकरा सरडे बाहेर होते?"

सभागृहात कुणीतरी हसलं. नानांनी वही उघडली. ते पान बघितलं, पुढचं बघितलं, मागचं बघितलं. खूप वेळ बघत होते. नर, मादी, नर, मादी. त्यांना कळलं ते मला माझ्या जागेवरून दिसलं. त्यांनी मान वर केली, पण तिसऱ्या रांगेकडे बघितलं नाही.

"या नोंदी कुणी घेतल्या?" प्राध्यापकांनी विचारलं.

"वही माझी आहे," नाना म्हणाले. "मी हा लेख मागे घेतो."

मी उठायला हवं होतं. खुर्चीचे दोन्ही हात मी धरले होते, एवढं मला नीट आठवतं. धरूनच बसले. पुढचा लेख सुरू झाला.

परत येताना आम्ही एकाच बाकावर होतो. पारोळ्याला त्यांनी खिडकीतून केळी घेतली, त्यातली दोन माझ्या हातात दिली. मला ती खाता येईनात, ठेवताही येईनात. एरंडोलच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी वही काढली आणि पेन माझ्यापुढे केलं.

"बाई, यातले खरे किती?"

"सात."

"त्यांच्यावर खूण करा."

मी उभ्या उभ्या सात ओळींवर खुणा केल्या. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरून ते सात आकडे वाचले, ओठांत दोनदा पुटपुटले.

"म्हणजे सारखेच आहेत," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. थोडं आश्चर्य होतं, आणि त्यामागून येणारं दुसरं काहीतरी, जे मला ऐकवेना. "नाना," मी सुरुवात केली. "अक्का वाट बघत असतील," ते म्हणाले आणि निघाले.

शाळेत बातमी पोचलीच. न घेतलेला पाठ टाचणात न लिहिणाऱ्या माणसानं न पाहिलेले सरडे वहीत लिहिले, यात आमच्या खोलीला मोठी गंमत वाटली. मोजायला मी गेले होते हे त्यांना ठाऊक होतं, पण नानांनीच 'वही माझी' म्हटल्यावर आकडे त्यांनीच फुगवले असं सगळ्यांनी धरलं. "काय नाना, उपजात सापडली का?" असं रोज कुणीतरी विचारी. "नाही सापडली," नाना म्हणत. मी वह्या तपासत खाली मान घालून बसलेली असे. एक वाक्य बोलले असते तर ते थांबलं असतं. वर्षभर ते वाक्य मी बोलले नाही.

पुढच्या मे महिन्यात नाना स्वतः शिरपूरला गेले. अक्कांजवळ राहायला जामनेरहून त्यांची बहीण आली होती. मी अक्कांना भेटायला गेले, तशा त्या खुलल्या.

"बाई, यंदा तुम्ही नही गयात का? मागला साल तर तुम्हीच गयथात ना."

नानांनी घरातही सांगितलं नव्हतं.

"मी शिवी दिन्यात त्या थैल्या कामले उन्यात ना?" त्यांनी विचारलं.

"हो अक्का, आल्या कामाला," मी म्हटलं. आठातल्या सहा थैल्या घडीसुद्धा न मोडता माझ्या ट्रंकेत पडल्या होत्या.

नाना दहा दिवसांनी आले. चेहरा भाजून निघाला होता, ओठ फुटले होते, एका गुडघ्याला पट्टी. चाळीस सरडे मोजून आले होते. काहींचे खवले थोडे जास्त, काहींचे कमी, सगळे मिळून पद्मालयासारखेच. पहिले तिघे योगायोगानं जास्तीचे मिळाले होते, एवढंच. अकरा वर्षं त्यांनी जी शंका बाळगली ती त्यांनी स्वतःच जाऊन संपवली.

शाळा उघडली त्या आठवड्यात त्यांनी त्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. पाकीट बंद करण्याआधी कागद माझ्यापुढे ठेवला. "शुद्धलेखन बघून द्या बाई. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही."

पत्र पाऊण पानाचं होतं. तापीच्या दोन्ही बाजूंचे सरडे एकच आहेत, मला वाटला तो फरक नाही. मागच्या लेखातल्या उत्तरेकडच्या नोंदी, खूण केलेल्या सात सोडून, रद्द समजाव्यात. माझ्या वहीची जबाबदारी मी नीट सांभाळली नाही याचा खेद आहे. माझं नाव कुठंच नव्हतं. पत्रात माझं नाव घालता येण्यासारखी जागा दोन ठिकाणी होती. पेन माझ्या हातात होतं. मी 'दक्षीण' मधली वेलांटी सुधारली आणि कागद परत दिला.

"एवढीच चूक?" नाना म्हणाले.

"एवढीच."

त्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. तिथल्याच एका शाळेत नोकरी लागली. लग्नाला नानांचं पोस्टकार्ड आलं होतं, त्यांना स्वतःला यायला जमलं नव्हतं. मी उत्तर लिहायला तीनदा बसले. दर वेळी पहिल्या ओळीतच खरं लिहायचं ठरवायचे आणि दर वेळी अक्कांच्या प्रकृतीची चौकशी करून थांबायचे. त्यातलं एकही पत्र टाकलं नाही.

मग आठ-नऊ वर्षांनी, एका दुपारी, धुळ्याच्या स्टँडवर ते दिसले. मी, माझे मिस्टर आणि मुलगी अमळनेरला निघालो होतो. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवा चष्मा होता, बरोबर पुतण्या होता. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"बाई! तुम्ही का?"

मी वाकून नमस्कार केला. अक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या, ते त्यांनी सांगितलं. निवृत्त झालो, म्हणाले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून कितवीत आहेस, विचारलं. मिस्टरांना म्हणाले, "तुमच्या बाईंचा हात फार हलका. मी शिकवलेल्यांत सगळ्यांत लवकर शिकल्या." मिस्टरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आमच्या शाळेत होते सर." याच्या पलीकडे मी माझ्या नवऱ्याला त्यांच्याविषयी कधी काही सांगितलं नव्हतं.

एवढ्यात एरंडोलची गाडी लागली. पुतण्यानं त्यांना हाताला धरून चढवलं, खिडकीशी बसवलं. मला वाटलं, आता जावं, खिडकीखाली उभं राहून दोन शब्द बोलावेत. दहा पावलांचं अंतर होतं. मुलगी माझा पदर ओढत होती, आमचं सामान खाली ठेवलेलं होतं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

नानांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. माझ्या दिशेला बघून काहीतरी विचारलं. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, भुवया उंचावून, उत्तराची वाट बघत.

"हो नाना," मी ओरडून म्हटलं आणि जोरात मान हलवली.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. समाधानानं दोनदा मान डोलवून ते आत सरकले आणि गाडी वळली. त्या हिवाळ्यात ते गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यांनी काय विचारलं होतं, आणि मी कशाला हो म्हटलं, ते मला आजही माहीत नाही.